गालिच्यावरचा डाग पुसला, गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आला

मधुमालती

आमच्या बैठकीच्या खोलीतला गालिचा फिकट बदामी रंगाचा आहे. गेल्या रविवारी त्याच्यावर दूध घातलेल्या चहाचा भरलेला कप कलंडला. मी धावत जाऊन ओला फडका आणला आणि जीव खाऊन घासलं. डाग हलेना म्हणून कढत पाणी ओतलं, भांडी घासायचं लिक्विड बाटलीतून थेट वर सोडलं आणि कपडे धुवायच्या ब्रशने पुन्हा घासलं. संध्याकाळपर्यंत डाग दिसेनासा झाला. निश्चिंत होऊन झोपले.

सोमवारी सकाळी बघते तर त्याच जागी तपकिरी कडं उमटलेलं, आणि तेही मूळ डागापेक्षा मोठं. पुन्हा तेच सगळं केलं. मंगळवारी सकाळी पुन्हा कडं. आता ते जेवणाच्या ताटाएवढं झालंय, मधले धागे विस्कटून पिंजलेल्या कापसासारखे दिसतात आणि पायाला तो भाग चिकट लागतो.

हा गालिचा मी घर मांडलं तेव्हा आईने दिला होता. ती आता नाही. त्यामुळे टाकून द्या, नवा घ्या हा सल्ला कृपया नको. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पुसून गेलेला डाग परत येतो कुठून? आणि इतकं करून बसल्यावर आता मी काय करू?

बाकीच्यांनीही आपापल्या डागांबद्दल इथेच लिहा. चहाचं उत्तर मिळालं तरी शाई, रक्त, तेल हे कधी ना कधी प्रत्येकाच्या घरी होतंच.

निशिगंध

माझं कॉफीचं हुबेहूब असंच झालं होतं. तीन वेळा पुसून तीन वेळा परत आला. शेवटी त्यावर तिपाई ठेवली. उत्तराची वाट बघतेय.

उंबरठा

खायचा सोडा पसरा आणि वरून व्हिनेगर ओता. भरपूर फेस येतो, तो फेस डाग ओढून काढतो. दहा मिनिटांनी पुसून घ्या.

गालिचेवाला

मधुमालती, एक विनंती. हे वाचून होईपर्यंत त्या डागाला हात लावू नका.

बावीस वर्षं गालिचे धुण्याचं काम करतोय. माझ्याकडे येणाऱ्या गालिच्यांत डागाने खराब झालेले कमी असतात, डाग काढताना खराब झालेले जास्त. तुमच्यावर ठपका ठेवत नाही. घाबरल्यावर माणूस घासतोच.

डाग परत येतो तो गालिच्याच्या आतून. आपल्याला दिसतात ती लवेची फक्त टोकं. तिच्याखाली लवेचा बुंधा, त्याखाली विणलेली पाठ, आणि यंत्रावर केलेल्या गालिच्यात त्याखाली डिंकासारखा लेटेक्सचा थर. कपभर चहा सांडला की त्यातला बराचसा काही सेकंदांत खाली बुंध्यापर्यंत उतरतो. तुम्ही फडक्याने टोकं साफ केलीत, पण वरून आणखी पाणी ओतून खालचा चहा पातळ केलात आणि आडवा पसरवलात. रात्री गालिचा वाळायला लागला. पाणी हवेत उडतं ते लवेच्या टोकावरून. टोक कोरडं पडलं की खालचं पाणी धाग्याधाग्यांतून वर चढतं. शाळेत केशाकर्षण शिकलो, दिव्यातलं तेल वातीतून चढतं, तेच हे. पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेला चहा टोकावर साचतो. कडेला सगळ्यात आधी वाळतं म्हणून कडं तिथे गडद होतं. जितकं जास्त पाणी, तितकं मोठं कडं. तुमच्या गालिच्यावर तीन दिवस हेच चाललंय.

चिकटपणा लिक्विडचा. साबण निघाला नाही तर वाळूनही चिकट राहतो आणि पायाची धूळ धरून ठेवतो. महिन्याभराने लोक म्हणतात डाग पुन्हा काळा पडला. तो डाग नसतो, उरलेल्या साबणावर बसलेली धूळ असते.

आता काय करायचं ते. फवारणीच्या बाटलीत साधं गार पाणी घ्या. कड्याच्या बाहेरून सुरुवात करून आत येत हलका फवारा मारा. ओतायचं नाही. पांढरा सुती टॉवेल घडी करून ठेवा आणि त्यावर सरळ उभे राहा. हाताने दाबून जेवढं पाणी वर येतं त्याच्या कितीतरी पट अंगाच्या वजनाने येतं. टॉवेल उचला, कोरी बाजू घ्या, पुन्हा. टॉवेलवर तपकिरी उमटतंय तोवर करत राहा. कधीकधी पंधरा-वीस वेळा करावं लागतं. घासायचं नाही, फक्त टिपायचं.

मुख्य काम त्यानंतरचं आहे. डागावर पांढऱ्या टॉवेलच्या तीन-चार घड्या ठेवा, वर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर जाडजूड पुस्तकं. रात्रभर तसंच. रात्री पाणी वर चढणारच आहे, ते थांबवता येत नाही. पण त्याला लवेच्या टोकाच्याही वर आणखी एक जागा मिळाली, तर चहा तिथवर जातो आणि टॉवेलमध्ये बसतो. टॉवेल पांढराच हवा, रंगीत टॉवेलचा रंग गालिच्यावर उतरतो. छापील वर्तमानपत्रही नको.

पण त्याआधी सांगा, गालिचा कशाचा आहे? लोकर, नायलॉन, पॉलिएस्टर? माहीत नसेल तर लवेतला एक धागा चिमट्याने काढा. झालरीचा नको, ती बहुतेक वेळा सुताची असते. धातूच्या ताटलीवर धरून टोक जाळा आणि वास, राख बघून लिहा.

रंगशाळा

वर सोडा आणि व्हिनेगरचा उपाय आलाय, त्याबद्दल लिहायलाच हवं. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना निष्प्रभ करतात. उरतं ते पाणी, सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार, आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. फेस त्या वायूचा असतो. दिसायला जोरदार, पण डागावर काम करणारं काही उरत नाही, आणि तो क्षार गालिच्यात बसतो तो वेगळाच. दोन्ही पदार्थ चांगले आहेत, पण वेगवेगळे वापरले तर. सोडा कोरडा असताना वास आणि तेल शोषतो. पाणी घालून पातळ केलेलं व्हिनेगर चहा-कॉफीच्या तपकिरीवर चालतं आणि साबणाचा अल्कलीपणा मारतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे काय मिसळू नये. कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइनचा विषारी वायू सुटतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर क्लोरीन. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकाच बाटलीत भरून ठेवू नये, त्यातून डोळे आणि घसा जाळणारं आम्ल तयार होतं. डाग निघेना म्हणून एकावर एक बाटल्या रिकाम्या करण्याची जी सवय आहे ना, तिच्यात गालिच्याआधी माणसाला धोका आहे. एक उपाय केलात, नाही जमला, तर साध्या पाण्याने तो पूर्ण काढा आणि मगच दुसरा.

उंबरठा

@रंगशाळा, हे मला खरंच माहीत नव्हतं. कितीतरी वर्षं फेस बघून समाधान मानत आलो. वरचा सल्ला मागे घेतो.

मधुमालती

धागा जाळला. केस जळल्याचा वास आला, ज्योत लगेच विझली आणि राख बोटात चुरली. लोकर ना? गालिचा उलटून पाहिला तर मागे बारीक बारीक गाठी दिसतात, डिंकाचा थर नाही.

गालिचेवाला

हो, लोकर. आणि हाताने गाठी मारून विणलेला. आईने जपून ठेवण्यासारखी वस्तू दिली आहे.

मधले धागे का विस्कटले ते आता कळलं. लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल, साबण आणि घासणं हे चारही एकदम मिळालं की खवले एकमेकांत अडकतात आणि तंतूंचा गोळा होतो. नमदा, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं जाड कापड, याच रीतीने मुद्दाम करतात. तुमच्याकडून गालिच्याच्या मधोमध नमद्याचा छोटा तुकडा तयार झाला. खरं सांगायला हवं, तो पूर्ववत होणार नाही. पूर्ण वाळल्यावर फक्त वर आलेले पिंजलेले धागे बारीक कात्रीने छाटा, खोल जाऊ नका.

लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखंच. क्लोरीनचं ब्लीच तिला अक्षरशः विरघळवतं. धुण्याचा सोडा, अमोनिया, तीव्र पावडर यांनी ती पिवळी आणि खरखरीत होते. प्रथिनं पचवणारे एन्झाइम असलेल्या कपड्यांच्या पावडरी आणि लिक्विडंही नकोत, कारण ते एन्झाइम डागातल्या दुधाला आणि लोकरीला वेगळं ओळखत नाहीत. सौम्य आम्ल मात्र लोकर सहज सोसते.

आधी रंग पक्का आहे का ते पाहा. पांढरा फडका गार पाण्यात भिजवून गालिच्याच्या कोपऱ्यातल्या सगळ्यात गडद रंगावर मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग आला तर तिथेच थांबा आणि माणूस बोलवा. नाही आला तर पुढे जा. वाटीभर म्हणजे सुमारे 250 मिलि गार पाण्यात चमचाभर, 5 मिलि, भांड्यांचं रंगहीन लिक्विड. फडका त्यात भिजवून, पिळून, डागावर नुसता दाबायचा. याने दुधाची चरबी सुटेल. मग साध्या पाण्याचा फवारा आणि टॉवेल, फेस दिसेनासा होईपर्यंत. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी, त्याचा हलका फवारा, टॉवेल. शेवटी पुन्हा साधं पाणी. मग रात्रीच्या घड्या आणि पुस्तकं.

लोकर आपल्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी पिऊनही हाताला ओली लागत नाही. म्हणून वाळला असं वाटल्यावरही पंखा चालू राहू द्या. तो कोपरा जमिनीपासून उचलून खाली दोन उलट्या टोपल्या ठेवा, म्हणजे पाठीला वारा लागेल. दोन दिवसांच्या आत पाठ कोरडी झाली नाही तर बुरशीचा वास धरतो, आणि तो डागापेक्षा चिवट.

दोनमांजरं

मी मांजराच्या मूत्राबद्दल लिहिते, कारण त्यासाठी दोन वर्षं झगडले आहे.

आमचं मोठं मांजर आजारी होतं तेव्हा ते गालिच्याच्या एकाच कोपऱ्यात जायचं. मी दर वेळी पुसायचे, अत्तराचा फवारा मारायचे. आठ दिवस बरे जायचे, हवा दमट झाली की वास पुन्हा. आणि मांजर पुन्हा तिथेच. मी त्याच्यावर ओरडायचे. पुढे डॉक्टरांनी मूत्रमार्गाचा आजार सांगितला आणि मला स्वतःची फार शरम वाटली. त्यामुळे पहिली गोष्ट हीच की स्वच्छ सवयीचं मांजर अचानक गालिच्यावर जायला लागलं तर फडक्याआधी पशुवैद्य.

दुसरी गोष्ट, अमोनियाचं क्लीनर अजिबात वापरू नका. मी अज्ञानाने तेच वापरत होते. जुन्या मूत्राला अमोनियाचाच वास असतो. मांजराला वाटतं ही आपलीच जागा.

शेवटी मूत्रासाठीचं एन्झाइमचं द्रावण कामाला आलं. तेही पहिल्या दोन वेळा फुकट गेलं, कारण मी फवारून पाच मिनिटांत पुसत होते. ते मूत्र जिथवर खाली गेलंय तिथवर पोचायला लागतं आणि ओलं राहायला लागतं. मी वर प्लॅस्टिक झाकून रात्रभर ठेवलं, मग टिपलं, वाळवलं, आठवड्याने पुन्हा एकदा. अंधारात अतिनील टॉर्च मारला (त्या उजेडात मूत्राचे डाग चमकतात) तेव्हा कळलं की मी ज्या जागेवर राबत होते तिच्या शेजारी आणखी तीन जागा होत्या.

रंगशाळा

यात थोडी भर घालतो. ताजं मूत्र बहुधा किंचित आम्लधर्मी असतं. जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात तसं ते अल्कली होत जातं. म्हणून ताजं असताना टिपून गार पाण्याने काढणं सोपं, आणि चार दिवसांनी तेच मूत्र गालिच्याचा रंगही उडवतं. रंग उडाला असेल तर तो डाग राहिलेला नसतो, कुठल्याही द्रावणाने तो परत येणार नाही. दमट हवेत वास येतो कारण यूरिक आम्लाचे क्षार पाण्यात नीट विरघळत नाहीत, धुऊनही मागे राहतात आणि ओल मिळाली की पुन्हा जागे होतात.

एक सावधगिरी. मधुमालतींसारखा लोकरीचा गालिचा असेल तर बाटलीवर लोकरीला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच एन्झाइम वापरा.

शेवंता

रक्त. मुलगा गुडघा फोडून घरी आला आणि थेट गालिच्यावर बसला. आमचा गालिचा नायलॉनचा, फिकट करडा. माझ्या सासूबाई परिचारिका होत्या. त्यांनी मला गरम पाण्याचं भांडं हातातून खाली ठेवायला लावलं. म्हणाल्या, अंडं उकडलं की घट्ट होतं ना, तसंच रक्ताचं. गरम पाणी लागलं की रक्तातलं प्रथिन धाग्यावरच गोठून बसतं. बर्फासारख्या गार पाण्यात किंचित मीठ घालून त्यांनी फडका नुसता दाबत ठेवला आणि पाणी तीनदा बदललं. पुसट पिवळसर छटा उरली तेव्हा कापसाने 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं. आधी पलंगाखालच्या भागावर लावून रंग उडत नाही याची खात्री केली होती. बारीक बुडबुडे आले, टिपलं, पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी जागा शोधून सापडली नाही.

रंगशाळा

बुडबुडे ही खूण चांगली. रक्तातलं कॅटॅलेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. बुडबुडे थांबले की तिथलं रक्त बहुतेक संपलं. पेरॉक्साइड उजेडात आपोआप फुटतं म्हणून ते गडद बाटलीत मिळतं. बराच काळ उघडी राहिलेली बाटली कमजोर झालेली असू शकते. लोकर, रेशीम आणि गडद रंग यांवर मात्र घरी प्रयोग करू नये.

कागदीफूल

बॉलपेनची शाई? मुलीने बसून आख्खी रिफिल फोडली आहे. गालिचा कृत्रिम धाग्याचा, पाठीला रबरासारखं काहीतरी.

गालिचेवाला

बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याने सरकत नाही, पसरते फक्त. आधी कोरड्या टिपकागदाने ओली शाई उचला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घ्या, गालिच्यावर ओतू नका. बोळा दाबायचा, उचलायचा, नवा घ्यायचा. एक रिफिल म्हणजे पन्नास बोळे धरून चाला.

ओतायचं का नाही? ते रबरासारखं म्हणजेच लेटेक्स, त्याच्यावर तुमच्या गालिच्याची पाठ चिकटलेली आहे. स्पिरिट, थिनर, टर्पेंटाइन खाली झिरपलं की ते मऊ पडतं, पाठ सुटते आणि गालिच्याला तिथे फुगवटा येतो. शाई निघून फुगवटा राहिलेले गालिचे पाहिलेत मी. आणि खिडकी उघडी, गॅस-शेगडी बंद, हे तर पाहिजेच.

नखांच्या पॉलिशलाही हीच बोळ्याची रीत, ॲसिटोन नसलेलं रिमूव्हर घेऊन.

निशिगंध

मेणबत्तीचं मेण काढायला कागद ठेवून इस्त्री फिरवतात ना?

गालिचेवाला

फिरवतात, आणि तिथेच गालिचे वितळतात. मेण 50-60 अंशांवरच वितळायला लागतं, त्यासाठी इस्त्री कोमट पुरते. पण सुती कपड्यांच्या खुणेवर ती 200 अंशांच्या आसपास जाते. बऱ्याच कृत्रिम गालिच्यांत असतो तो पॉलिप्रॉपिलीनचा धागा 160-165 अंशांवर वितळतो. इस्त्री उचलल्यावर मेणाच्या जागी चकचकीत कडक चकती दिसते, ती कायमची. आधी बर्फाची पिशवी ठेवून मेण कडक करा, बोथट सुरीने फोडून वेचा, व्हॅक्यूम मारा. नव्वद टक्के काम तिथेच होतं. उरलेल्याला कोरा, न छापलेला तपकिरी कागद आणि सगळ्यात कमी खुणेची इस्त्री, क्षणभर टेकवून उचलायची. आपला धागा कशाचा ते माहीत नसेल तर इस्त्री नकोच. च्युइंगमलाही बर्फ.

वाळकीपानं

चिखलाबद्दल आमच्याकडचा अनुभव उलटा आहे, सांगून ठेवते. इथे सगळे लगेच करा म्हणतायत, पण चिखलाला लगेच हात लावला की तो आत जातो. पूर्ण वाळू द्यावा, बोटांनी चुरून व्हॅक्यूमने ओढावा, मग जो पुसट डाग उरेल तोच ओला करावा. तेल-तुपाचंही तसंच, आधी पाणी नाही. जास्तीचं चमच्याने उचलून वर कॉर्नफ्लोअर किंवा खायचा सोडा जाड पसरून रात्रभर ठेवायचा, सकाळी ओढून घ्यायचा आणि मग लिक्विडचं पाणी.

जुनीपेटी

मी उशिरा आले या चर्चेत, पण माझी गोष्ट सांगते, कुणाचं तरी नुकसान वाचेल. रेशमासारखा चमकणारा मऊ गालिचा हौसेने घेतला होता. त्यावर साधं पाणी सांडलं. फक्त पाणी. टिपलं, पंखा लावला. दुसऱ्या दिवशी तिथे पिवळसर डाग आणि लव झोपून कडक झालेली. घासलं नाही, काही लावलं नाही, तरी हे झालं. ज्या दुकानातून आणला तिथे म्हणाले, तुम्ही काहीतरी लावलं असणार. महिनाभर मला स्वतःचाच संशय येत होता.

रंगशाळा

तुम्ही काहीही चुकीचं केलं नाही. तो व्हिस्कोस असणार. लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा, रेशमासारखा चमकतो. ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, लव मोडून पडते, आणि वाळताना सेल्युलोजमधली पिवळट तपकिरी द्रव्यं टोकाला येतात. तागाच्या चटयांचंही असंच, त्या नुसत्या पाण्यानेही तपकिरी होतात. गालिच्याचा पिवळेपणा थोडा कमी करता येतो, पण ते काम व्हिस्कोस ओळखणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. जाळून पाहिलंत तर जळक्या कागदाचा वास येईल. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा येतो.

विकत घेतानाच मागची चिठ्ठी वाचायला हवी. व्हिस्कोस, रेयॉन, आर्ट सिल्क, बांबू सिल्क ही सगळी बहुतेक वेळा एकाच घरातली नावं. पाणी सांडण्याची शक्यता असलेल्या खोलीत तो गालिचा घालू नये, आणि हे दुकानदाराने आधी सांगायला हवं. न सांगता विकतात याचा मला मनापासून राग येतो.

कागदीफूल

शाई गेली! चौसष्ट बोळे लागले. निळसर सावली आहे अजून, पण खुर्चीखाली कळत नाही.

आणखी एक विचारते. न्हाणीघराच्या दाराशी गालिच्यावर नारिंगी ठिपके आहेत. काहीही केलं तरी जात नाहीत. कुणी काही सांडल्याचंही आठवत नाही.

रंगशाळा

घरात कुणी मुरमांसाठी मलम लावतं का? बऱ्याच मलमांत बेंझॉइल पेरॉक्साइड असतं. ते धुतलेल्या हातावर, टॉवेलवर उरतं, खाली पडतं आणि दमटपणा मिळाला की हळूहळू रंग खातं. सांडल्याच्या दिवशी काही दिसत नाही, आठवड्यांनी ठिपके दिसतात. म्हणून कारण कुणालाच आठवत नाही. निळसर किंवा करड्या गालिच्यातला निळा अंश आधी उडाला की नारिंगी उरतो. तो डाग नाही, गेलेला रंग आहे. घासून धागाच झिजेल. ते ठिपके पुन्हा रंगवून घ्यावे लागतात किंवा तेवढा तुकडा बदलावा लागतो.

कागदीफूल

मोठा मुलगा लावतो. मी त्याला उगाचच रागावत होते की तू काय सांडलंस.

मधुमालती

सगळ्यांना कळवायला आले आहे.

कोपऱ्यातल्या गडद तांबड्या रंगावर फडका दाबला, तो कोरा राहिला. मग गालिचेवाल्यांनी सांगितलं तसंच केलं. पहिल्या दिवशी टॉवेलवर उभी राहून पाणी काढताना विसाव्या घडीलाही फेस येत होता, इतकं लिक्विड आत बसलं होतं. नुसता साबण काढण्यात दुपार गेली. रात्री घड्या आणि वर शब्दकोशाचे दोन खंड ठेवले. सकाळी टॉवेल उचलला तर त्यावर कड्याचा जसाच्या तसा आकार उमटलेला, तपकिरी. मी तो टॉवेल हातात धरून बराच वेळ बघत बसले. तीन दिवस मी जे वरून घासत होते ते खालून हे असं चढत होतं.

दुसऱ्या रात्रीच्या टॉवेलवर फिकट पिवळं आलं. तिसऱ्या रात्रीचा आज सकाळी उचलला. कोरा.

कडं गेलं आहे. खिडकीच्या उजेडात खाली वाकून पाहिलं तर किंचित छटा कळते. मधला नमदा झालेला भाग राहिला, वरचे पिंजलेले धागे छाटले, पायाला तिथे जरा कडक लागतं. ते मला चालेल. फक्त एक विचारायचं होतं. वरून सगळं कोरडं आहे, पण पाठीला हात लावला की तेवढीच जागा थंड लागते. आता पंखा बंद करू का?

गालिचेवाला

थंड लागतेय म्हणजे आत अजून पाणी आहे आणि ते उडतंय. पंखा बंद करू नका. टोपल्या तशाच राहू द्या, आजची रात्र आणि उद्याची दुपार. पाठीचा तो भाग आणि त्याच्या शेजारचा भाग हाताला सारखेच लागले की गालिचा खाली टाका, आणि त्या जागेवर महिनाभर खुर्चीचा पाय येऊ देऊ नका.